चराच्या अलीकडून

हौसा,

दहाव्याला कऱ्हेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, सुटली बिचारी, मागं काही राहिलं नव्हतं. मला हे पटलेलं नाही. तू इतक्या सहजासहजी कुणाला मोकळं केलं नसतंस. उन्हं डोक्यावर येईपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवलं असतंस, आणि मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून मनात म्हटलं असतं, हं, आता खरी हौसा.

झालं असं, की तुझा भाऊ तात्या पिंडापुढं हात जोडून म्हणाला, "आक्का, तुझं रान पडीक पडू देणार न्हाय. शब्द हाय माझा." त्याचं बोलणं पुरं होतंय तोच कावळा खाली उतरला.

म्हणजे तू त्याच्यावर विश्वास ठेवलास? त्यानं शेळगावाहून धाडलेली गुळाची ढेप आधी मुंग्यांपुढं ठेवून बघणारी तू? की तो कावळाच भुकेला होता? मला हे तुलाच विचारायचं आहे, आणि विचारायला तू नाहीस.

नैरोबीहून माझ्या नातवंडांचं पत्र आलंय. तुला बरं नाही एवढंच त्यांना ठाऊक आहे. शेवटच्या ओळीत धाकटीनं विचारलंय, हौसाआजी अजून सगळ्यांच्या चपला झाडते का. त्यांना उत्तर लिहायला बसले आणि दोन ओळींतच तुझ्याशी बोलायला लागले. आता हेच त्यांना पाठवीन. त्यांचं मराठी मोडू नये म्हणून मी नेहमी नीटनेटकं लिहिते. तू बोलशील तिथं त्यांना अडेल, पण तुझं बोलणं मी सुधारणार नाही. आईला विचारतील.

मुलांना हे घर पहिल्यापासून असंच आहे असं वाटतं. तसं नव्हतं. माझ्या यजमानांची सगळी नोकरी कालव्यावर झाली. एका ठिकाणी गुलाब लावावेत आणि ते फुलायच्या आत बदलीचा हुकूम यावा, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. माझ्या हातची फुलं दुसऱ्याच बायकांनी माळली. म्हणून निवृत्तीनंतर बारामतीच्या कडेला तुझ्या वडिलांनी बांधलेलं हे घर तात्याकडून विकत घेतलं, तेव्हा आतल्या खोल्यांपेक्षा मला पुढच्या अंगणाची घाई होती. अंगण कसलं, गाड्या सोडायची जागा होती ती. चाकोऱ्या पडलेल्या, मधे गुरांच्या पाण्याची एक फुटकी दगडी डोण, आणि माती अशी टणक की पहार वाजायची.

मी खुंट्या ठोकून दोरी ताणली. फाटकापासून पायरीपर्यंत मुरमाची सरळ वाट. डाव्या हाताला गुलाबांचे वाफे, त्यांना तिरप्या विटांची कड. आणि उजव्या हाताला हिरवळ. पुण्याला मी ज्या इंग्रजी शाळेत शिकले तिथल्या मडमेच्या बंगल्यापुढं अशी हिरवळ होती, आणि तिच्यावर पाय ठेवायची आम्हा मुलींना परवानगी नव्हती. मला म्हातारपणी स्वतःच्या हिरवळीवर अनवाणी चालायचं होतं. एवढीच हौस.

तात्या उरलेल्या किल्ल्या द्यायला आला, तेव्हा दोऱ्या बघून त्यानं विचारलं, "हितं काय करणार, वैनीसाहेब?"

"हिरवळ."

"म्हंजी हरळीच की. इकत कशाला आणताय? आमच्या बांधावर मोप हाय. गाडीभर धाडतो." आणि तो हसला.

ते हसणं पुढं तू मला किती वेळा करून दाखवायला लावलंस. "दात दावून हसला का ओठ मिटून?" मी म्हणायचे, हसला, माणसं हसतात तसा. तू म्हणायचीस, "तू हसणं बी नीट बघत न्हाईस. एवढी शिकलीस कशाला?"

गाडी आली त्या दिवशी तू पहिल्यांदा मला दिसलीस. आमच्या उजव्या कडेला लागून तुझं रान, आणि रानाच्या टोकाला तुझ्या दोन खोल्या. मधे वीतभर बांध. तू मिरचीच्या रोपाला पाणी देत होतीस. गाडीवरची हरळी खाली ओढली तशी तू खुरपं घेऊन बांधावर आलीस. पलीकडं बहीण राहते एवढं तात्या बोलला होता; बाकी ओळख नाही, पाळख नाही.

"काय उतरवतीस गं?"

मला ते 'गं' खटकलं. मी म्हटलं, "हिरवळ लावायची आहे."

"ही हरळी हाय."

"हो."

"हरळी? मुद्दाम? दारात?" तू आमच्या गड्याकडं बघितलंस. तो खाली बघायला लागला. "आमी जल्मभर काढतोय, आन ही लावतीय," असं तू त्याला म्हणालीस, जणू मी तिथं नव्हतेच. मग विचारलंस, "कुणी धाडली?"

"तुमच्या भावानं."

तू खुरपं झटकून परत गेलीस. मी यजमानांना म्हटलं, बाई विचित्र आहे, आणि या बाईचं या घरावर मन आहे. बापानं बांधलेलं घर भावानं परक्याला विकलं, हे तिला रुचलेलं नाही. आता ही रोज काहीतरी काढणार. ते म्हणाले, "तुला सगळ्यांचा संशय येतो. भाऊ बघ, काय सज्जन माणूस." मी त्याच दिवशी बाहेरचा तांब्याचा बंब आत घेतला.

हरळी आम्ही ओळीनं लावली. आठवड्यात हिरवी दिसायला लागली, आणि मग मधे मधे गायब व्हायला लागली. मी आधी शेळ्यांवर घेतलं. फाटकाला काटेरी फांदी बांधली. मग मुळं खाणाऱ्या हुमणीचा संशय घेऊन राख टाकली. पण जागा रिकामी व्हायची ती नेमकी तुझ्या बाजूची, आणि खड्डे असे स्वच्छ, की शेळीला खुरपं धरता येत असेल तरच. एक दिवस दुपारी जेवण झाल्यावर मी झोपले नाही. खिडकीचं दार किलकिलं करून बसले. सगळीकडं सामसूम झाल्यावर तू आलीस, पदर खोचून, आपल्याच शेतात यावं तशी, आणि बसलीस खुरपायला.

मी बाहेर आले. "काय करताय तुम्ही?"

तू मान वर केली नाहीस. "दिसतंय की. हरळी काढतीय."

"ती मी लावली आहे."

"म्हाईत हाय. म्हणून तर काढतीय. आपसूक उगवली असती तर देवाची करणी म्हणलं असतं."

"हे माझं अंगण आहे, हौसाबाई."

"अंगण तुझं, व्हय. पर हरळीला अंगण कळतं का?" मग तू उठलीस, हात झटकलेस आणि माझ्याकडं रोखून बघितलंस. "खरं सांग. तात्यानं तुला काय देऊ केलंय?"

मला राग आला. आयुष्यात कुणी मला असं विचारलं नव्हतं. पण तू खरंच उत्तराची वाट बघत होतीस. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी खिडकीतून तुझ्यावर पाळत ठेवत होते तसं तूही इतके दिवस बांधावरून मला जोखत होतीस.

मग पायरीवर बसून तू सांगितलंस. नवऱ्यानं दुसरी केली, तू माहेरी आलीस. वडिलांनी हा पट्टा तुला दिला, चोळीबांगडीसाठी. पण देताना बोलले, "हौसा, जवर कसशील तवर तुझं. हात थांबला की भावाचं." तू पाटाच्या पाण्यावर मिरची-वांग्याची, कांद्याची रोपं करून बाजारात विकायचीस. कुणाच्या तोंडाकडं बघायची वेळ तू येऊ दिली नव्हतीस.

"आता तूच सांग," तू म्हणालीस. "रोपाच्या वाफ्यात हरळी शिरली की रोप जगत न्हाय. एक कांडं बी लई झालं. रोप न्हाय म्हंजी कसणं न्हाय. मग तात्या यील. लई गोड बोलंल. आक्का, दमलीस, चल घरी. आन मी भावजयीच्या चुलीपुढं तिला इचारून भाकरी थापीन. घर इकायला त्याला परका गावला, आन त्या परक्याला हरळी बी त्यानंच दिली. फुकट. तात्या फुकट काय देत न्हाय."

मी म्हटलं, "माणूस इतका लांबचा विचार करत नाही. मी मागितली, त्यानं दिली. पुरावा काय?"

"पुरावा रानात उगवतो. उगवल्यावर त्याचा काय उपेग?"

हा आपला पहिला वाद. तो अजून संपलेला नाही.

तोड काढली ती माझ्या यजमानांनी. कालव्यावरच्या माणसाला चर खणण्याशिवाय दुसरं काय सुचणार? हिरवळ राहू दे, रान राहू दे, मधे गुडघाभर खोल चर. तू खणणाऱ्याच्या डोक्यावर उभी होतीस. मधेच खाली उतरून चर स्वतःच्या पायाला लावून बघितलास आणि म्हणालीस, "साहेबाचा गुडघा का माझा? माझ्या बी गुडघ्याला पोचंना हा." मग तुझ्या गुडघ्याऐवजी यजमानांच्या गुडघ्यानं चर झाला. ते उंच आहेत.

त्या चरानं आपली ओळख झाली. रोज सकाळी तू पलीकडून आणि मी अलीकडून, वाकून, चराच्या कडेनं चालत जायचो. खालून काही फुटलंय का, वरून एखादी वेल पलीकडं झेप घेतेय का. "हरळी खालनं बी येती, वरनं बी येती," तू म्हणायचीस. "माणसासारखी." चालता चालता बारामतीतल्या सगळ्यांची हजेरी व्हायची. कोण कुणाकडं कशासाठी गेला, त्यात त्याचा काय डाव. आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा तू ते महिनाभर घेतले नाहीस. म्हणालीस, एवढा हलका पैसा खरा असंल कसा. मी तुला हिशेब समजावला. तू ऐकलास, आणि बाजारात गिऱ्हाईकाला म्हणालीस, आणे असले तर रोप न्या. मी सुरुवातीला तुला अहोजाहो करत होते. केव्हा सोडलं आठवत नाही. बहुधा कुणाची तरी निंदा करताना सुटलं असावं.

मुलांनो, तुम्ही आलात ती सुट्टी तुम्हाला आठवते. हिरवळीवर लोळलात, आणि मग हौसाआजीकडं गाजरं खायला निघालात. तिनं तुम्हाला चराच्या कडेला ओळीनं उभं केलं. बूट काढायला लावले, त्यांचे तळ वर करून खुरप्याच्या टोकानं माती कोरून काढली, खिसे उलटे केले, धाकटीच्या झग्याची झालर झटकली. मगच चरावरच्या फळीवरून पलीकडं घेतलं. तुम्ही ते इतक्या गंभीरपणे केलंत की मला हसू आवरेना. परत गेल्यावर तुमच्या आईनं लिहिलं होतं, की कुणाच्याही घरात शिरताना मुलं दारात खिसे उलटे करतात आणि तिकडच्या लोकांना वाटतं ही आपल्याकडची रीत आहे.

आणि हौसा, गणपतीत तीच तू माझ्या फाटकाशी परडी घेऊन यायचीस. हरळीचीच दूर्वा, आणि तुझ्या रानात औषधालाही हरळी नाही. "देवाला चालती. रानाला न्हाय," असं म्हणून तू जुडी बांधायचीस, आणि एकेक पातं मुळाशी बघून घ्यायचीस. देवावरही तुझा पुरता भरवसा नव्हता.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुला कधी बोलले नाही. माझ्या हिरवळीची चराकडची कड कधी पुरी भरली नाही. बाकी सगळी गालिच्यासारखी, आणि त्या बाजूला चार बोटं माती उघडी. मी खत घातलं, पाणी वाढवलं. पावसाळ्यातसुद्धा तीच गत. माळी म्हणाला, चरामुळं ओल टिकत नाही. मी मान डोलावली. मनात तुझंच नाव होतं, पण खिडकीचं दार मी पुन्हा किलकिलं केलं नाही. तू अंथरुणाला खिळलीस त्या महिन्यात ती कड भरून आली. आता हरळीची टोकं चरावर लोंबतायत. म्हणजे इतकी वर्षं रोज मी झोपले की तू यायचीस, चार बोटं काढायचीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर वाकून त्याच कडेला म्हणायचीस, "हितं काय लागंना बघ तुझं." गालावरची रेषसुद्धा हलायची नाही. त्या भरलेल्या कडेकडं मला बघवत नाही.

तुझ्या आजारपणात तात्या दोनदा आला. दुसऱ्या वेळी मी तुझ्या उशाशी होते. तो फळीवरून सरळ रानातून दारात आला. हातात मोसंब्यांची पिशवी, डोळे भरलेले. तुला बोलायला त्रास होत होता. तरी विचारलंस, "चपला झाडल्यास का?"

तो जागीच थांबला. मग पिशवी खाली ठेवली, मागं फिरला, फळीवरून चराच्या अलीकडं गेला, चपला एकमेकींवर आपटल्या, तळ बघितले आणि पुन्हा आला. तू त्याच्याकडं बघितलंच नाहीस. माझ्याकडं बघितलंस.

तो गेल्यावर तू म्हणालीस, "बघितलंस? 'का' म्हणून इचारलं न्हाय त्यानं."

मी म्हटलं, "आजारी बहिणीला कोण कारण विचारतं? तू सांगितलंस, त्यानं ऐकलं."

"नातवंडांनी तुझ्या इचारलं. सगळ्यांनी इचारलं. त्यानं न्हाय."

"त्याचं प्रेम आहे तुझ्यावर, हौसा."

"ते हाय की. मी कुठं न्हाय म्हणतीय?" आणि तू कुशीवर वळलीस.

प्रेम असेल आणि तरीही गाडीभर हरळी धाडली असेल, असं तुला म्हणायचं होतं का? माझ्या शिकण्यात माणूस एक तर भला असायचा, नाही तर लबाड. तू दोन्ही एकाच टोपलीत ठेवायचीस आणि तुला त्याचं काही वाटायचं नाही.

तेराव्यानंतर तात्याची गाडी आली. मी गुलाबांपाशी होते. गाडीवान म्हणाला, "तात्यानं शेणखत धाडलंय, आक्काच्या रानाला. गडी उद्या येतोय नांगरायला."

चांगलंच होतं. दिलेला शब्द तो पाळत होता. पण तू बाहेरचं खत कधी रानात येऊ दिलं नाहीस. त्यात काय येईल सांगता येत नाही, म्हणायचीस.

मी गाडीवानाला म्हटलं, "पलीकडं नको. इथं उतरव, माझ्या वाटेवर."

"हितं? मुरमावर?"

"हो. आधी हे अंथर." मी घरातली सगळी पोती काढून दिली. यजमान व्हरांड्यात आले, बघितलं आणि आत जाऊन माझा चष्मा घेऊन आले. मी रव्याची नको म्हणून गव्हाची चाळण घेतली आणि बसले. गाडीवान बैलांना पाणी दाखवून आला, बिडी ओढून आला. मी चाळतच होते. माझ्या स्वच्छ लुगड्याचं काय झालं ते मुलांनी विचारू नये.

खत उत्तम होतं. काळं, मऊ, पुरतं कुजलेलं. त्यात पाचटाचे तुकडे निघाले, एक घोड्याचा नाल निघाला, आणि अगदी शेवटच्या पोत्यावर हरळीचं एक कांडं. बोटाच्या पेराएवढं. पांढरं, रसरशीत, कोंब धरलेलं.

एकच, हौसा. अख्ख्या गाडीत एक. मी म्हणेन, कुणाच्याही उकिरड्यात एखादं असतंच. तू म्हणशील, एक बी लई झालं. मी ते तळहातावर घेतलं. तात्याचं हसणं आठवून बघितलं. दात दिसले होते की नाही, खरंच आठवत नाही.

"काय गावलं का, वैनीसाहेब?" गाडीवानानं विचारलं.

"काही नाही. आता हे पलीकडं टाक. चपला झाडून जा."

त्यानं खत टाकलं. फळीवरून येताना-जाताना दर खेपेला चपला झाडल्या. का, म्हणून विचारलं. मला बरं वाटलं. बैल जोडताना तो म्हणाला, "तात्याला काय सांगू?"

"सांग, खत पोचलं, फार चांगलं आहे. उद्या गडी येईल तेव्हा मी चराच्या कडेला खुर्ची टाकून बसेन. आणि सांग, मी सगळं चाळून घेतलं. पुढच्या वेळीही घेईन."

गाडीवान थोडं हसला. ओठ मिटून. मी नीट बघितलं.

मग मी खुरपं घेऊन चराच्या कडेला बसले आणि माझ्याच हिरवळीची चार बोटं काढली. दुपारी, सगळे झोपल्यावर. काढताना तुझ्यासारखाच पदर खोचला होता.

ते कांडं मी डोणीच्या दगडावर उन्हात ठेवलंय. आता सुतळीसारखं झालंय, पिवळं, हलकं. पण तू म्हणायचीस, हरळी वाळली म्हणून मेली म्हणू नगं, पाणी बघितलं की उठती. म्हणून रोज सकाळी चराची फेरी झाली की तिथं जाते, आणि ते उलटंसुलटं करून बघते.